वरण-भाताच्या घासामागे: पचनसंस्था शिकण्याची आणि शिकवण्याची एक पद्धत

पचनसंस्थेचा धडा आपल्यापैकी बहुतेकांनी एका तक्त्यावरून पाठ केलेला असतो. एका रकान्यात अवयव, दुसऱ्यात पाचकरस, तिसऱ्यात विकर (अन्न तोडणारे एन्झाइम) आणि चौथ्यात ते ज्यावर काम करते तो अन्नघटक. परीक्षेपुरता तो तक्ता उपयोगी पडतो. पण तो तोंडपाठ असलेल्या मुलाला जठर स्वतःच्या अंगावर दाखवायला सांगितले तर त्याचे बोट बेंबीवर जाते, आणि पित्त कुठे तयार होते असे विचारले तर ‘पित्ताशयात’ असे उत्तर येते. तक्त्यामुळे अवयव एकमेकांपासून सुटे होतात, आणि प्रत्यक्षात पचनाची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते, ही मुख्य गोष्टच निसटते.

म्हणून येथे सुचवलेली पद्धत वेगळी आहे. एकच घास निवडावा आणि तो तोंडात गेल्यापासून शेवटपर्यंत नजरेआड होऊ देऊ नये. प्रत्येक टप्प्यावर थांबून तीन प्रश्न विचारावेत: येथे घासावर कोणता रस पडला, त्यामुळे त्यातील काय बदलले, आणि येथून रक्तात काय गेले. उत्तरे वहीत लिहीत जावीत. तक्ता करायचाच असेल तर तो सर्वांत शेवटी, स्वतःच्या नोंदींवरून करावा.

घास म्हणून साजूक तूप घातलेला वरण-भात आणि सोबत मेथीची भाजी घ्यावी. भातात पिष्टमय पदार्थ, तुरीच्या डाळीत प्रथिने, तुपात स्निग्ध पदार्थ आणि मेथीत न पचणारा चोथा असल्यामुळे पचनसंस्थेची जवळजवळ सर्व कामे या एका घासात पाहता येतात. साहित्य घरातलेच आहे: एक जुना पांढरा बनियन, स्केच पेन, नऊ मीटर दोरी, चार छोटे काचेचे पेले, भाताची पेज, औषधाच्या दुकानात मिळणारे टिंक्चर आयोडीन, पांढरे व्हिनेगर, थोडे तेल आणि भांडी घासण्याचे लिक्विड.

आधी जागा, मग कार्य

बनियन अंगात घालून दुसऱ्या व्यक्तीकडून त्यावर अवयव काढून घ्यावेत. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक बोटाने चाचपून तेथे खूण करावी. उजव्या बरगड्यांच्या आड यकृत येते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो असते आणि त्याचा काही भाग मध्यरेषा ओलांडून डावीकडेही जातो. यकृताच्या खालच्या बाजूला पित्ताशय चिकटलेले असते. जठर डावीकडे, बरेचसे बरगड्यांच्या आडच असते. बेंबीपाशी ते नसते, ही दुरुस्ती बनियनवर एकदा झाली की कायमची लक्षात राहते. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे असते, त्यामुळे ते तुटक रेषेने दाखवावे. बेंबीभोवतीचा बहुतेक भाग लहान आतड्याच्या वेटोळ्यांनी व्यापलेला असतो आणि त्या वेटोळ्यांभोवती मोठे आतडे चौकटीसारखे असते: उजवीकडे खालून सुरू होऊन वर यकृताखाली जाणारे, तेथून आडवे डावीकडे वळणारे, मग खाली उतरून मध्यभागी मलाशयाकडे जाणारे.

उजव्या खालच्या कोपऱ्यात आणखी एक खूण आवर्जून करावी. बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत सरळ रेषा काढून तिचे तीन समान भाग करावेत. बाहेरचा आणि मधला भाग जेथे मिळतात, साधारण तेथे ॲपेंडिक्सचे मूळ असते. चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १८८९ मध्ये या जागेचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ॲपेंडिक्सला सूज आली की दुखणे अनेकदा आधी बेंबीभोवती सुरू होते आणि काही तासांनी या जागी सरकते. असे दुखणे घरगुती उपायांवर न ढकलता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

आता दोरी घ्यावी. तोंड आणि घसा यांसाठी सुमारे १५ सेंटिमीटर, अन्ननलिकेसाठी २५ सेंटिमीटर, जठरासाठी तेवढेच, लहान आतड्यासाठी ६ मीटर आणि मोठ्या आतड्यासाठी दीड मीटर अशा गाठी माराव्यात. ‘अन्ननलिका’ हा शब्द काही पुस्तकांत तोंडापासून गुदद्वारापर्यंतच्या संपूर्ण मार्गासाठीही येतो. येथे तो घसा आणि जठर यांना जोडणाऱ्या नळीसाठीच वापरला आहे. लहान आतड्याची ६ मीटर ही लांबी मृतदेहाच्या विच्छेदनातून मोजलेली आहे. जिवंत माणसात आतड्याचे स्नायू आवळलेले असल्यामुळे ती बरीच कमी, साधारण ३ ते ५ मीटर भरते. तरीही दोरी अंगणात पसरली की एवढी लांबी कशासाठी हा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात, आणि तो त्यांच्याकडून आलेलाच बरा.

तोंड आणि घसा

भात चावताना दात त्याचे बारीक तुकडे करतात आणि लाळग्रंथींच्या तीन जोड्यांतून लाळ येऊन त्यात मिसळते. दिवसभरात सुमारे एक ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यातील टायलिन हे विकर भातातील पिष्ट तोडून माल्टोज ही साखर तयार करू लागते. नुसता भात किंवा पोळीचा तुकडा बराच वेळ चावल्यावर गोडसर लागतो तो यामुळे.

हे डोळ्यांनी पाहण्यासाठी अर्धा कप पाण्यात चमचाभर पेज मिसळावी आणि पूर्ण गार झाल्यावर चार पेल्यांत सारखी वाटावी. पहिल्या पेल्यात थोडे साधे पाणी घालावे. दुसऱ्यात चमचाभर लाळ घालावी. तिसऱ्यात उकळून गार केलेली लाळ आणि चौथ्यात आधी व्हिनेगर मिसळलेली लाळ घालावी. चारही पेले कोमट पाण्याच्या पातेल्यात पंधरा ते वीस मिनिटे ठेवून नंतर प्रत्येकात आयोडीनचा एक थेंब टाकावा. पिष्ट शिल्लक असेल तेथे गडद निळा रंग येतो. दुसऱ्या पेल्यात तो येत नाही किंवा अगदी फिका येतो. उरलेल्या तीन पेल्यांत येतो. म्हणजे लाळेमुळे पिष्ट बदलले, उकळल्यामुळे विकर निकामी झाले आणि आम्लातही त्याचे काम थांबले. व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरू नये, कारण त्यातील क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवते आणि निष्कर्ष उलटा निघतो. प्रयोगात प्रत्येकाने स्वतःचीच लाळ हाताळावी, आणि आयोडीन पडलेले काहीही तोंडात जाणार नाही याची काळजी मोठ्या माणसाने घ्यावी.

चौथा पेला लक्षात ठेवावा. जठरातही असेच आम्ल असते, पण लाळेचे विकर तेथे गेल्यावर लगेच थांबत नाही; घासाच्या गोळ्यात आम्ल आतपर्यंत मुरेपर्यंत त्याचे काम काही काळ चालू राहते.

गिळण्याची क्रिया समजण्यासाठी कंठमणीवर हलके बोट ठेवून आवंढा गिळावा. कंठमणी वर उचलला जाऊन पुन्हा खाली येतो. त्याच क्षणी श्वासनलिकेचे तोंड वर सरकून जिभेच्या मुळाखाली येते, त्यावरची झडप वाकते आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. जेवताना बोलू किंवा हसू नये असे घरातील वडीलधारी माणसे सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. अन्ननलिकेत घास नुसता खाली पडत नाही, तर नळीचे स्नायू क्रमाने आकुंचन पावत त्याला पुढे ढकलतात. त्यामुळे आडवे पडूनही गिळता येते. सुमारे दहा सेकंदांत घास श्वासपटलातील छिद्रातून उतरून जठराच्या तोंडाशी पोहोचतो. तेथील गोलाकार स्नायू सैल पडून त्याला आत घेतो आणि पुन्हा आवळला जातो. हा स्नायू ढिला पडला की जठरातील आम्ल वर येते आणि छातीत जळजळते.

जठर

मोठ्या माणसाचे जठर जेवणानंतर आरामात एक ते दीड लिटर सामावून घेते. त्याच्या भिंतीत स्नायूंचे तीन थर वेगवेगळ्या दिशांनी असल्यामुळे अन्न सर्व बाजूंनी घुसळले जाते. आतील अस्तरातून हायड्रोक्लोरिक आम्ल, पेप्सिन या विकराचे निष्क्रिय रूप आणि घट्ट श्लेष्मा असे तीन मुख्य स्राव येतात. आम्लामुळे पेप्सिन जागे होते आणि आपल्या घासातील डाळीच्या प्रथिनांचे तुकडे करू लागते. त्याच आम्लात अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतू मरतात. श्लेष्माचा थर जठराच्या भिंतीला या दोघांपासून वाचवतो.

जठरात काय चालते हे माणसाला बरेच उशिरा आणि एका अपघातामुळे प्रत्यक्ष पाहता आले. १८२२ मध्ये अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा छर्रा लागला. जखम भरली, पण जठरापर्यंत जाणारे छिद्र कायम राहिले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी अन्नाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्या छिद्रातून आत सोडले आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले. जठररस बाटलीत काढून शरीराइतक्या उबेत ठेवला तर मांस तेथेही विरघळते, असे त्यांना आढळले. १८३३ मध्ये त्यांनी ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. पचन ही रासायनिक क्रिया आहे, ते केवळ दळण-कांडण नव्हे, हे त्यातून ठामपणे दिसले. मात्र या ज्ञानासाठी गरीब आणि असहाय अशा सेंट मार्टिनने वर्षानुवर्षे जे सोसले, तेही हा भाग शिकवताना सांगितले पाहिजे.

अम्लता आणि अल्सर (अस्तरावरील जखम) यांचा संबंध केवळ तिखट खाण्याशी आणि काळजीशी जोडण्याची सवयही याच टप्प्यावर दुरुस्त करावी. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी जठराच्या अस्तरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला, आणि बरेचसे अल्सर त्याच्यामुळे होतात हे दाखवले. स्वतःवर खात्री करून घेण्यासाठी मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण पिऊन जठरदाह ओढवून घेतला होता. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काही वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणे हे अल्सरचे दुसरे मोठे कारण आहे.

आता तिसरा प्रश्न विचारावा: जठरातून रक्तात काय गेले? वरण-भाताच्या बाबतीत उत्तर ‘जवळजवळ काहीच नाही’ असे आहे. मद्य आणि काही औषधे येथून थोडी शोषली जातात, पण जेवण नाही. दोन ते चार तासांत घासाचे पातळ, आंबट लगद्यात रूपांतर होते आणि तो थोडा थोडा करून लहान आतड्यात सोडला जातो. तूप असलेले जेवण जठरात जास्त वेळ राहते, म्हणून ते खाल्ल्यावर भूक उशिरा लागते.

लहान आतडे: येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा

लहान आतड्याच्या पहिल्या सुमारे २५ सेंटिमीटर भागाला आद्यांत्र म्हणतात. दोरीवर येथे रंगीत फीत बांधावी, कारण यकृताकडून येणारी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका येथेच उघडतात. पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ते साठवते, त्यातील पाणी शोषून घट्ट करते आणि स्निग्ध जेवण आले की आकुंचन पावून आतड्यात सोडते. शस्त्रक्रियेने पित्ताशय काढलेल्या माणसाचेही पचन चालू राहते ते पित्त यकृतात बनत असल्यामुळेच. पित्त आम्लधर्मी नसून किंचित अल्कधर्मी असते, त्यामुळे ‘पित्त झाले’ म्हणतात तेव्हा छातीत जळजळ होते ती बहुतेक वेळा जठरातील आम्लाने.

पित्ताचे काम दाखवण्यासाठी दोन पेल्यांत पाणी आणि चमचाभर तेल घ्यावे, त्यातल्या एकात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकावेत आणि दोन्ही ढवळावेत. लिक्विडच्या पेल्यात तेलाचे बारीक कण होऊन पाणी पांढुरके दिसते. पित्तक्षार आपल्या घासातील तुपाचे असेच कण करतात. पित्तात विकर नसते. कण झाल्यामुळे स्वादुपिंडाच्या लायपेज या स्निग्ध पदार्थ तोडणाऱ्या विकराला काम करायला मोठा पृष्ठभाग मिळतो एवढेच. स्वादुपिंडाचा रस दिवसाला एक लिटरहून अधिक असतो आणि त्यात पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ या तिन्हींवरची विकरे असतात. त्यातील बायकार्बोनेटमुळे जठरातून आलेल्या आम्लाची धार मोडते. हे झाले नाही तर ही विकरे कामच करू शकणार नाहीत.

आम्ल आले आहे हे स्वादुपिंडाला कसे कळते? १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणाऱ्या सर्व नसा तोडून तेथे आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडाचा रस वाहू लागला. निरोप नसांतून नव्हे, रक्तातून गेला होता. त्या रसायनाला त्यांनी सिक्रेटिन म्हटले आणि संप्रेरकांच्या (हॉर्मोन्सच्या) अभ्यासाचा पाया तेथे घातला गेला.

पुढे आतड्याच्या भिंतीवरील विकरे उरलेले काम पुरे करतात: भाताचे ग्लुकोज होते, डाळीची अमिनो आम्ले होतात, तुपाची मेदाम्ले होतात. भिंतीला घड्या आहेत, घड्यांवर व्हिलाय नावाचे सूक्ष्म उंचवटे आहेत आणि त्यांच्या पेशींवर त्याहून सूक्ष्म केसरे आहेत. या सर्वांमुळे शोषणाचा पृष्ठभाग टेनिसच्या मैदानाएवढा होतो असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजणीनुसार तो सुमारे ३० चौरस मीटर आहे, म्हणजे बऱ्यापैकी मोठ्या खोलीएवढा. ही दुरुस्ती शिकवताना करावी.

येथे घासाच्या वाटा वेगळ्या होतात, आणि वहीतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रथमच भरगच्च होते. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले व्हिलायमधील रक्तवाहिन्यांत शिरून थेट यकृताकडे जातात. तेथे त्यांचा साठा, वाटप आणि रूपांतर होते. तुपातील बहुतेक मेदाम्ले मात्र पेशींत पुन्हा जुळून लसिकावाहिन्यांत जातात, छातीतून वर चढतात आणि मानेच्या डाव्या बाजूच्या मुळाशी मोठ्या शिरेत मिसळतात. म्हणजे भात आधी यकृत गाठतो, आणि तूप त्याला वळसा घालून रक्तात येते. लोह प्रामुख्याने आद्यांत्रात शोषले जाते, तर ब-१२ आणि पित्तक्षार लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात. हे क्षार यकृतात परत जाऊन पुन्हा वापरले जातात.

पाण्याचा हिशेबही येथेच मांडावा. आपण दिवसाला पितो-खातो ते सुमारे २ लिटर पाणी आणि लाळ, जठररस, पित्त वगैरे मिळून सुमारे ७ लिटर, असे ९ लिटर द्रव या नळीत येते. त्यातले बहुतेक लहान आतडे परत घेते, लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात जाते आणि शेवटी १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडते. जुलाबात हा हिशेब बिघडतो आणि काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. ग्लुकोज शोषताना आतड्याची पेशी सोबत सोडियम घेते आणि त्यांच्यामागे पाणी जाते. पटकी (कॉलरा) यासारख्या आजारातही हा मार्ग शाबूत राहतो. या ज्ञानावर जलसंजीवनी (ओआरएस) उभी आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामातील निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी ड्रममधून वाटले, आणि सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. घरी ओआरएसचे पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. माप अंदाजाने घेऊ नये. जास्त मीठ लहान मुलांना घातक ठरते.

मोठे आतडे

आता उरली मेथी. तिचा चोथा तोडणारे विकर माणसाकडे नाही, पण मोठ्या आतड्यातील जिवाणूंपैकी काहींकडे आहे. ते त्याचा काही भाग आंबवतात, त्यातून तयार होणारी लघुमेदाम्ले आतड्याच्या पेशींना इंधन म्हणून मिळतात, काही वायू तयार होतो आणि थोडे के जीवनसत्त्वही. उरलेला चोथा पाणी धरून ठेवतो आणि मल मऊ राहतो. सकाळी चहा पोटात गेल्यावर शौचाची भावना होते, कारण जठर भरू लागले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. घाईच्या शाळा-नोकरीमुळे ती भावना रोज दाबण्याची सवय लागली तर बद्धकोष्ठ वाढते.

स्वतःचा प्रवासवेळ मोजण्यासाठी मक्याचे कणीस खाऊन वेळ लिहून ठेवावी आणि दाण्यांची साले मलात केव्हा दिसतात ते पाहावे. साधारण एक ते तीन दिवस हा काळ नेहमीचा समजावा. मलात रक्त, डांबरासारखा काळा मल, गिळताना अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे यांपैकी काही आढळले तर मात्र मोजमाप बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

समजले का ते तपासताना

तक्ता पाठ म्हणवून घेण्यापेक्षा नवा पदार्थ द्यावा आणि त्याचा मार्ग सांगायला लावावे. पेलाभर दूध ही चांगली परीक्षा आहे. दुधातील लॅक्टोज ही साखर तोडणारे लॅक्टेज विकर आतड्याच्या भिंतीवर असते, आणि आपल्याकडील बऱ्याच प्रौढांत ते लहानपणापेक्षा खूप कमी होते. अशा व्यक्तीने दूध प्यायल्यास काय होईल, असे विचारावे. जो शिकणारा दोरीवर बोट फिरवत जातो, तो बहुधा स्वतःच सांगतो की न तुटलेली साखर रक्तात जाणार नाही, ती मोठ्या आतड्यात पोहोचेल, आपल्याकडे पाणी ओढेल आणि तेथील जिवाणू तिच्यापासून वायू करतील. म्हणून पोट फुगेल आणि ढाळ होतील. मग त्याच व्यक्तीला दही का सोसते, हा पुढचा प्रश्न विचारावा. विरजणातील जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच आंबवून टाकलेले असते, आणि दही घट्ट असल्यामुळे जठरातून पुढेही सावकाश सरकते.